पट्ट्यावरच्या पेंढ्या

फॉरेस्टच्या गार्ड मॅडम पहिल्यांदा आमच्या दारात आल्या आन् म्हणल्या, "जंगलात कामाला येतीस का?" मी इकडंतिकडं बघितलं. म्हणले, "कुठल्या जंगलात?" त्यांनी आमच्या गोठ्याच्या मागं हात केला. गोठ्यामागं आमचा ऊस, उसाच्या पलीकडं माळ, आन् माळाच्या पलीकडं बी माळच. मला वाटलं चेष्टा करत्यात. सासरी येऊन मला चार वर्षं झालेली, गावात सगळी त्या माळाला पड म्हणायची. पड म्हंजी नुसती पडलेली जमीन, कुणाच्या कामाची न्हाई. त्याला जंगल म्हणताना मी कवा ऐकलं नव्हतं.

"ह्यात एक झाड तरी दाखवा," मी म्हणले.

"तू ये तर खरी. धा-बारा बायका पायजेत, गवत कापायचंय. कापलेलं गवत तुमचंच, घरी न्यायचं."

गवत तुमचंच म्हणल्यावर आमच्या आळीतल्या आक्का लगेच तयार झाल्या. आक्का म्हंजी आमच्या शेजारच्या, वयानं सासूच्या बरोबरीच्या, टोळी घेऊन खुरपायला जात्यात त्या. त्यांच्या दोन म्हशी आन् तोंड असं की म्हशी बी घाबरतील. मला म्हणल्या, "चल गं भित्रे, वारा तरी लागंल."

भित्री म्हणत्यात ते खोटं न्हाई. पण आधी मी एवढी नव्हते. माझं माहेर न्हावरं, शिरूर तालुक्यात. समदा बागायती भाग, घराच्या भिंतीला लागून ऊस. बाळंतपणाला तिकडं गेलते. पोर सव्वा महिन्याची, दिवेलागणीला तिला मांडीवर घेऊन ओट्यावर बसलेली, आमचं कुत्रं पायाशी. उसातनं काय आलं ते मी नीट बघितलंच न्हाई, नुसता पिवळा झपाटा आला आन् कुत्रं गेलं. ओरडलं बी न्हाई बिचारं. बिबट्या व्हता. माझ्या पायापासनं दोन हातावरनं त्यानं कुत्रं नेलं, आन् पोर माझ्या मांडीवर. तवापासनं माझा श्वास मधीच अडकतो. पाचटावर उंदीर जरी पळाला तरी छातीत गच्च व्हतं, पोरीला उचलते आन् घरात पळते, कडी लावते, मग आपली मीच मला हसते, पण कडी काढत न्हाई.

पोरीला घेऊन सासरी परत आले तवा मला बरं वाटलं व्हतं, की दौंडकडंचा हा भाग कोरडा, लांबवर नजर जाती. पण मग कॅनॉलचं पाणी आलं, हिकडं बी ऊस आला. आबांनी, म्हंजी माझ्या सासऱ्यांनी, बी लावला, पार गोठ्यापर्यंत. आमचे हे कुरकुंभला कंपनीत, कवा दिवसपाळी कवा रातपाळी. घरात मी, पोर, सासूबाई आन् आबा. आन् चारी बाजूनं ऊस. गड्या, मी दिवसा सुदीक पोरीला एकटी अंगणात सोडत नव्हते. अडीच वर्षांची पोर, तिला मोकळं पळणं ठावं नव्हतं.

म्हणून आक्का म्हणल्या तसं गेले. पोरीला कडेवर घेऊन.

उसाच्या कडंनं वर चढलो आन् मॅडमनी तारेचं फाटक उघडलं. मी त्याच्या आधी कवा आत गेलेच नव्हते, घराच्या मागं असून. आत गेलो, टेकाड चढलो, आन् मी उभीच राह्यले. काय सांगू, नुसतं गवत. पिवळं, तांबूस, वाऱ्यावर एकाच अंगाला झुकणारं. एका टेकाडामागं दुसरं टेकाड, त्याच्या मागं तिसरं. कुठं एखादी बोर, कुठं हिवर. घर न्हाई, ऊस न्हाई, इजेचा डांब न्हाई. केवढं हाय म्हणून इचारलं तर मॅडम म्हणल्या, "मी मोटारसायकलवर सकाळी निघाले तर दुपारी त्या टोकाला जाते, आन् तरी अर्धं राहतं."

आक्का म्हणल्या, "मॅडम, झाडं कुठं गेली तुमची? पगार झाडांचा घेता ना?"

समद्या हसल्या. मॅडम बी हसल्या. वयानं माझ्याएवढ्याच असतील, खाकी पँट-शर्ट, केसाचा अंबाडा, पायात बूट. म्हणल्या, "मावशी, हेच जंगल. गवताचं जंगल. झाडं लावली की हे मरतं."

मग त्यांनी खड्डे दाखवले. ओळीनं खड्डे, प्रत्येकात एक वाळकी काडी. कुठल्यातरी मोहिमेत शाळेतल्या पोरांनी येऊन रोपं लावली व्हती, फोटो काढले आन् गेली. रोपं जगली न्हाईत, गवत मातूर उपटलं गेलं. पुढं एका वळणाला वास आला, नाक धरलं आम्ही. कुणीतरी कोंबड्याच्या शेडमधली घाण टाकलेली. मॅडम म्हणल्या, त्यावर गावची कुत्री येत्यात, आन् कुत्री आली की हरणाची पाडसं फाडत्यात. एका बाजूला डोंगर खरवडून मुरूम नेलेला, गाडीच्या चाकाच्या खोल वाटा. "आन् उन्हाळ्याच्या तोंडाला," त्या म्हणल्या, "आग. दरसाल. कुणी मुद्दाम लावतं, नवीन गवत चांगलं येतं म्हणून. कुणी पाचट पेटवतं आन् ते वर येतं. मी एकटी, एवढं सगळं, काय काय बघू?"

पाचट आमच्याकडं बी पेटवत्यात. ऊस तुटून गेला की रानात जो वाळला पाला राहतो तो. आबा दरसाल पेटवायचे. समदेच पेटवत्यात.

तेवढ्यात मॅडमनी हात वर केला, आम्ही थांबलो. लांब, दुसऱ्या टेकाडाच्या उतारावर, एक जनावर चाललेलं. कुत्र्यासारखं, पण कुत्रं न्हाई. पाय लांब, मान खाली. लांडगा. पोरीला मी एवढी आवळली की ती रडली. ते जनावर थांबलं, वळून आमच्याकडं बघितलं. आन् मला दिसलं, पोटाखाली थानं लोंबत व्हती. दुधानं भरलेली. बाईला ते लगेच कळतं, कुणी सांगावं लागत न्हाई. लांडगीण व्हती, वलीच बाळंतीण.

"पाण्यानं कापलेल्या त्या ओघळीत पिल्लं हायत," मॅडम हळूच म्हणल्या. "चार. डोळे उघडलेत, पण पळता येत न्हाई अजून. कुणी गावात बोलायचं न्हाई, न्हाईतर धूर करून मारून टाकत्यात."

आक्का म्हणल्या, "आमच्या शेळ्या खाती ती."

"खाती मावशी. पण माळ राह्यला तर ससे-हरणं खाती, माळ जळला तर शेळ्या खाती. कुठं जाईल ती?"

त्याच दिवशी मला एक नवल वाटलं, घरी येताना. मी लांडगीण बघितली तरी उसाएवढं भ्या वाटलं न्हाई. उसात काय हाय ते दिसत न्हाई. माळावर समदं दिसतं. ती बी दिसती, आपण बी तिला दिसतो.

घरी मी कुणाला सांगितलं न्हाई. आबांची दोन करडं आदल्या साली लांडग्यानं नेलती, त्यांना सांगायचं म्हंजी पिल्लांचं मरणच.

काम असं व्हतं. माळाच्या कडंकडंनं, शेतं आन् माळ यांच्या मधी, दोन बैलगाड्या जातील एवढा पट्टा कापायचा, पार मातीपर्यंत. खालनं आग आली तर पट्ट्यावर येऊन तिला खायला काय मिळू ने, ती तिथंच मरावी. मॅडम त्याला जाळरेषा म्हणायच्या, आम्ही पट्टा म्हणायचो. खुरपायला जशी पात धरतो, तशीच पात धरली. पात म्हंजी प्रत्येकीची आपली ओळ, आक्का पुढं, मी शेवटाला, कारण मधनंमधनं पोरीकडं बघावं लागायचं. विळ्यानं कापायचं, खुरप्यानं खरवडायचं. कुसळं लुगड्यातनं मांडीत घुसायची. पण हसणं काय, गाणी काय. पोर माझी माळावर पळायला लागली. पहिल्या दिवशी माझ्या पदराला धरून, मग पाच पावलं लांब, मग पार बोरीपर्यंत. मी बघत राहायचे. घरात कडी लावून ठेवलेली पोर.

आन् गवत. काय गवत व्हतं ते! आमच्याकडं चाऱ्याची ओढ, एक काडी वाया घालवायला जीव व्हत न्हाई. कापलं की पेंढी बांधायची, पेंढ्या उभ्या करून एकमेकीला टेकवायच्या, सुडी लावायची, म्हंजी वाळत्यात आन् वाळवी लागत न्हाई. कडब्याची लावतो तशीच. हे आम्हाला कुणी शिकवायला नको, हात आपोआप करत्यात. आन् सुडी लावायला साफ, खरवडलेली जागा लागती. ती कुठली? पट्ट्याची.

असं करत करत आमच्या शेतापासनं पार ओघळीपर्यंत पट्टा झाला, आन् त्या पट्ट्यावर ओळीनं आमच्या सुड्या. प्रत्येकीची आपली. देखण्या दिसायच्या. आक्का म्हणायच्या, "लगीनघराच्या दारात बाया उभ्या हायत जणू."

मॅडमनी बघितलं असतं तर लगेच ओरडल्या असत्या. पण त्या शेवटचे चार-पाच दिवस आल्याच न्हाईत. नदीपल्याड शिरूरकडं कुठं उसात बिबट्यानं माणसावर झडप घातलेली, तर इकडचे तिकडचे सगळे गार्ड पिंजरे लावायला नेलते. जाताना एवढंच म्हणल्या, "गवत त्याच दिवशी घरी न्या." आम्ही म्हणलं, व्हय व्हय. आन् मनात म्हणलं, ओलं कशाला न्यायचं डोक्यावर, वाळलं की हलकं व्हतंय.

त्या दिवशी सकाळी मी भाकरी करत व्हते. आबा चुलीपाशी आले.

"सूनबाई, काडेपेटी दे."

मी दिली. देताना मला कळलं कशाला. आमचा ऊस आठवड्याखाली तुटून गेलता. दार उघडं व्हतं आन् वाऱ्यानं तवा वाजत व्हता, चुलीचा जाळ बाहेर येत व्हता. माझ्या तोंडावर आलं, आबा, आज वारं हाय. पण सासऱ्याला सुनेनं शेतीतलं शिकवायचं? आमच्या घरात सासूबाई सुदीक आबांना 'असं करा' म्हणत न्हाईत, 'असं करायचं का?' म्हणत्यात. मी भाकरी उलथली. आबा काडेपेटी खिशात घालून गेले.

पोर त्या दिवशी तापलेली, तिला सासूबाईंपाशी ठेवलं आन् माळावर गेले. आम्ही ओघळीच्या अंगाला शेवटचं टोक कापत व्हतो. ऊन डोक्यावर आलं. आक्का भाकरी सोडा म्हणल्या. आन् मला वास आला. पाचटाचा धूर गोड असतो, गूळ करपल्यासारखा. मी वळले. खाली आमच्या रानातनं धूर उठलेला, काळापांढरा, आन् तो वर जात नव्हता, आडवा, सरळ आमच्याकडं येत व्हता.

"पेटवलं वाटतं कुणीतरी," एक जण म्हणली.

"येऊ दे की," आक्का म्हणल्या. "पट्टा कशाला केलाय मग? बसा, जेवा."

आन् माझ्या डोळ्यापुढं पट्टा आला. म्हंजी खरा पट्टा, समोरच व्हता, पण तवाच दिसला. दोन गाड्यांएवढी साफ जागा, आन् तिच्यावर ह्या टोकापासनं त्या टोकापर्यंत वाळक्या पेंढ्या. आम्ही आगीची वाट अडवायला पट्टा केलेला, आन् त्याच्यावर आम्हीच वाळकं गवत अंथरलेलं. आग येईल, सुडीला धरील, सुडी भडकंल, वारं ते उचलंल, आन् पलीकडं समदा माळ. आन् ओघळीत पिल्लं. पळता येत न्हाई अजून.

माझा श्वास गेला. खरंच गेला. तोंड उघडं, आवाज न्हाई. आक्कांनी बघितलं, म्हणल्या, "काय गं, लांडगा आला का?"

मी हात केला. पेंढ्यांकडं. आन् मग आवाज आला, कुठनं आला ते मला बी कळलं न्हाई, केवढा मोठा. "आक्का, सुड्या! पट्ट्यावर आपल्या सुड्या हायत!"

मग कळलं समद्यांना, एकदमच. पळालो. खालचं गवत, पट्ट्याच्या शेताकडच्या बाजूचं, पेटलं व्हतं. आग दिसत नव्हती नीट, नुसतं ऊन हालल्यासारखं हालायचं आन् तडतड आवाज. मी पहिल्या सुडीला हात घातला. कुठं टाकायची? आत टाकली तर आतच जळंल. पट्ट्यावरनं उचलून न्यायला येळ कुठला?

"खाली टाका! आगीकडं टाका!" मी ओरडले.

"अगं ये!" आक्का ओरडल्या. "म्हशीला काय घालू, तुझं डोकं? उन्हाळा काढायचाय!"

बरोबर व्हतं त्यांचं. त्या पेंढ्या म्हंजी दोन महिन्यांचा चारा. मी बी माझ्या गाईसाठी लावलेल्या. पण इचार करायला जागाच नव्हती. मी माझ्या सुडीची एक एक पेंढी धरून उतारावर भिरकावली, जेवढी लांब जाईल तेवढी. एक, दोन, पाच. हात आपोआप चालत व्हते. मागं बघितलं तर आक्का त्यांच्या सुडीपुढं उभ्या, कंबरेवर हात, आन् तोंडानं शिव्या, मला, आगीला, मॅडमला, म्हशीला. आन् शिव्या देत देतच त्यांनी पहिली पेंढी उचलली आन् फेकली. मग दुसरी. मग समद्याच. पात धरली आम्ही. कुणी सांगितलं न्हाई, आपोआप जी ती आपल्या पातीवर गेली, आन् पट्टा मोकळा व्हत गेला, त्या टोकाकडनं ह्या टोकाकडं.

आग आली. पेंढ्या पेटल्या, ज्या खाली टाकलेल्या, तोंड भाजंल अशी धग. आम्ही मागं सरलो. आक्कांनी तरवडाच्या फांद्या तोडल्या, एकेकीच्या हातात दिल्या. जवळ पाण्याची एक कळशी व्हती, आन् माझी पोर बसायची ते गोणपाट. मी गोणपाट भिजवलं.

आन् आग पट्ट्यावर आली. आन् थांबली.

मी माझ्या डोळ्यानं बघितलं. एवढी भडकलेली, माणसाएवढी आग, पट्ट्याच्या कडंला आली, हिकडं तिकडं वळली, खायला शोधलं, आन् काय मिळालं न्हाई. खाली बसली. गुडघ्याएवढी झाली. मग घोट्याएवढी. आक्का ओरडल्या, "बस्स! बस की आता रांडे!"

आन् तवाच वाऱ्याचा झोत आला आन् एक जळती काडी माझ्या डोक्यावरनं आत गेली. पंधरा-वीस पावलं, ओघळीकडं. तिथं एवढासा धूर उठला.

बाकीच्या लांब व्हत्या. मी गोणपाट घेऊन पळाले. गवत कंबरेएवढं, कुसळं पायाला, आन् पोचले तर घोंगडीएवढी जागा पेटलेली. मी गोणपाट वर उचललं, आन् समोर बघितलं. ओघळीच्या काठावर ती उभी. लांडगीण. मधी फक्त धूर. एवढ्या जवळ की तिचे डोळे मला पिवळे दिसले. ती पळाली न्हाई. पिल्लं मागं व्हती ना, कशी पळंल.

माझ्या मनात काय आलं ते मला अजून आठवतं. मनात आलं, मी ह्या बाजूनं मारत राह्यले तर वारं आग तिच्याकडंच ढकलंल. आग मारायची तर तिच्या बाजूला जाऊन, तिकडं पाठ करून मारायला पायजे.

मी गेले. मला सांगता येत न्हाई कशी. धुराला वळसा घातला, लांडगिणीच्या आन् आगीच्या मधी उभी राह्यले, तिच्याकडं पाठ केली आन् मारायला लागले. धप, धप, धप. पाठीला मुंग्या आल्या, वाटलं आता, आता. धप. गोणपाट वाळलं तसं पायानं तुडवलं. आक्का धावत आल्या, फांदीनं त्यांनी बी मारलं. विझलं. काळं झालं, धूर राह्यला. मी वळले तवा काठावर कुणी नव्हतं.

"कुणाकडं बघतीस?" आक्का म्हणल्या.

"काय न्हाई," मी म्हणले, आन् मग हसायला लागले, आन् हसताना रडायला लागले, आन् आक्का मला धरून म्हणल्या, "भित्री म्हणायचे मी तुला, जळलं माझं तोंड!" आन् खरंच त्यांचं तोंड जळाल्यासारखं काळं झालेलं, दात तेवढे पांढरे. एकमेकींची तोंडं बघून समद्या एवढ्या हसलो की तिथंच बसलो. खाली समदं काळं, आन् पट्ट्याच्या ह्या अंगाला समदा माळ तसाच पिवळा, वाऱ्यावर झुकलेला. आमच्या पेंढ्यांची राख. कुणाला तिचं काय वाटलं न्हाई त्या वेळी. नंतर वाटलं, आक्का पार पावसाळा लागंपर्यंत मला सुनवत व्हत्या.

मग माणसं आली. आबा, शेजारचे, बादल्या घेऊन, धापा टाकत. आन् मोटारसायकलवर मॅडम, कुणीतरी फोन केलेला, तशाच चिखलाच्या बुटानं. त्यांनी पट्टा बघितला, काळं बघितलं, पिवळं बघितलं. ओघळीकडं बघितलं, मग माझ्याकडं. पिल्लं वाचली म्हणून मी मान हलवली. त्यांचे डोळे भरले पण त्या साहेबासारख्या आवाजात म्हणल्या, "कुणी पेटवलं?"

समद्यांना ठावं व्हतं. आमच्या रानातनं काळी वाट सरळ वर आलेली. आबा खाली बघत व्हते, हातात बादली. आक्का आभाळात बघायला लागल्या. मॅडमनी परत इचारलं.

"आमचं हाय," मी म्हणले. "आमचं पाचट व्हतं. काडेपेटी मी दिली. वारं हाय हे मला सकाळीच दिसलं व्हतं, मी बोलले न्हाई. आन् पट्ट्यावर पेंढ्या आम्हीच लावल्या."

आबांनी मान वर केली. मला वाटलं संपलं आता. चार वर्षांत मी त्यांच्यापुढं पदर डोक्यावरनं खाली येऊ दिला न्हाई, आन् त्या येळी पदर कुठं व्हता तेच ठावं नव्हतं. आबांनी बादली खाली ठेवली.

"ती म्हणती ते खरं हाय," आबा म्हणले. "पण पेटवलं मी. तिनं न्हाई. माझं नाव ल्ह्या." मग माझ्याकडं वळले. "सकाळी बोलायचं की गं. मी काय वाघ हाय का?"

मॅडमनी आबांचं नाव ल्हून घेतलं, तालुक्याला दोन चकरा मारायला लागल्या त्यांना, वैतागले, पण मला एक शब्द बोलले न्हाईत. आन् त्या साली आमच्या आळीत पाचट पेटवायचं बंद झालं. लगेच नव्हे, भांडणं लै झाली. एक जण म्हणला, "बायकांच्या नादानं शेती करायची का?" तर आबा पारावर बसून म्हणले, "व्हय. तू बी कर. माझ्या घरातली आगीत शिरली, तुझ्या घरातलं कोण शिरंल सांग." आता पाचट बारीक करून सरीतच कुजवत्यात. समद्या गावानं सोडलं असं न्हाई. माळाच्या त्या टोकाला दुसऱ्या गावाकडनं अजून आग लागती, कोंबड्याची घाण अजून येती, मुरमाच्या गाड्या बी येत्यात. मॅडम अजून एकट्याच हायत.

पण आम्ही एकट्या न्हाई. पावसाळ्यानंतर मॅडम मला आन् आक्कांना त्या दुसऱ्या गावाला घेऊन गेल्या, तिथल्या बायकांना पट्टा कसा मारायचा ते सांगायला. समाजमंदिरात चाळीसेक बायका, पुढं खुर्ची, माझ्या हातात माईक दिला. पोर मांडीवर. आठवी नापास बाई मी, माईक कसा धरायचा ते बी ठावं न्हाई. मी म्हणले, "बायांनो, मी पहिलं आमची चूक सांगते, मग बाकीचं."

आन् सांगितली. पेंढ्यांची. हसल्या समद्या, कारण त्यांनी बी तसंच केलं असतं, त्यांना बी ठावं व्हतं ते.

मागनं एक म्हातारी उठली. म्हणली, "मग गवत ठेवायचं कुठं, पोरी?"

"घरी न्यायचं, आजी," मी म्हणले. "त्याच दिवशी. ओलंच. डोक्यावर."

"मान मोडंल की!"

आक्कांनी माझ्या हातातनं माईक घेतला. "मोडू द्या," त्या म्हणल्या. "आमची काय मोडली न्हाई. उद्या सकाळी विळा घेऊन तुमच्या अंगाच्या फाटकापाशी या. आन् जेवून या, ही पोरगी जेवायला बसू देत न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकापाशी त्या आल्या. मी मोजल्या न्हाईत, पण पात धरली तवा ओळ टेकाडाच्या पल्याड गेलती.